फोटो प्रिंटरचं हेड रोज जाम होतंय? आधी कॅप बघा

“मामा, पोरगं हिरवं दिसायलंय की!”

शाळेत नाव घालायचं म्हणून पासपोर्ट फोटो काढायला आलेल्या मावशींनी शीट हातात घेतल्या घेतल्या हे सुनावलं, आणि त्यांचं बरोबर होतं. चार बाय सहाच्या कागदावर आठ फोटो, आणि आठही फोटोंत पोराचं तोंड कैरीच्या रंगाचं. मॅजेन्टा, म्हणजे गुलाबी-जांभळट शाई, गेली होती. आदल्या संध्याकाळी याच प्रिंटरवर लग्नाचे साठ फोटो मारले होते, एकातही खोट नव्हती.

त्या उन्हाळ्यात हे पंधरा-वीस वेळा झालं. दर वेळी मी तेच केलं जे सगळे करतात. हेड क्लीनिंग मारलं, म्हणजे शाईचे थेंब सोडणारा भाग प्रिंटरच्याच सोयीनं साफ केला, कधी तीनदा, कधी सातदा. रंग यायचा, दिवसभर नीट चालायचा, दुसऱ्या दिवशी शटर वर केलं की पुन्हा पांढऱ्या लायनी. शेवटी वेस्ट पॅड, म्हणजे क्लीनिंगची शाई शोषून घेणारा पॅड, भरल्याचा लाल दिवा लागला. म्हणजे विकत आणलेल्या शाईतली किती तरी मी कागदाऐवजी प्रिंटरच्या बुडाशी ओतली होती.

ज्यांचं हेड वर्षातून एखाद्या वेळी जाम होतं आणि दोन क्लीनिंगमध्ये सुटतं, त्यांनी सुखानं धंदा करावा. ज्यांचं रोज सुटतं आणि रोज जाम होतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी नोझल चेक

फोटोचा रंग बिघडला म्हणजे हेडच जाम, असं धरून चालू नका. ग्लॉसी कागद घालून सेटिंगमध्ये साधा कागद राहिला, तरी तोंडं विचित्र येतात. दुसऱ्या कंपनीची शाई भरली आणि रंगांचं प्रोफाइल, म्हणजे त्या शाईची सेटिंग, जुनंच ठेवलं, तरी येतात. नोझल म्हणजे हेडची छिद्रं, आणि नोझल चेक म्हणजे ती सगळी चालतात का ते दाखवणारा रेघांचा कागद. त्यावर सगळ्या रेघा पूर्ण असतील तर हेड निर्दोष आहे. त्याला क्लीनिंगची शिक्षा देऊ नका.

हा कागद बघण्यातही एक गोम आहे. पिवळ्या रेघा ट्यूबलाईटखाली धड दिसतच नाहीत, चार तुटलेल्या असल्या तरी कळत नाही. मोबाईलवर पूर्ण निळ्या रंगाचं चित्र लावा, दुकानातला दिवा बंद करा आणि त्या निळ्या उजेडात कागद धरा. पिवळी शाई निळा उजेड गिळते, त्यामुळं रेघा काळ्या दिसतात आणि तुटलेली जागा लगेच नजरेत भरते. फिका सायन (निळा) आणि फिका मॅजेन्टा मात्र दिवसाउजेडी दारात नेऊनच बघावेत.

एका चेकवरून निदान होत नाही, तीन लागतात. एक मारा, एक क्लीनिंग करा, दुसरा मारा, दहा मिनिटं थांबा, तिसरा मारा. तिन्हींवर वेळ लिहा आणि शेजारी शेजारी ठेवा.

तुटलेली जागा तिन्ही कागदांवर तीच असेल आणि क्लीनिंगनं थोडी थोडी भरत असेल, तर ती वाळलेली शाई. जागा दर वेळी बदलत असेल, आज वर तुटतं, मग खाली, मग मधे, तर ते जाम नाही, लाईनीत हवा शिरलीय. चेक पूर्ण येतो पण मोठा फोटो अर्ध्यावर गेला की रंग फिका पडत जातो, याचा अर्थ हेडला शाई पुरेशी पोचत नाही. टाकी खालच्या खुणेच्या खाली गेलीय, हवेचं भोक बुजलंय किंवा हेडच्या वरचा डॅम्पर, म्हणजे शाई जाळीतून गाळून हेडला देणारी छोटी डबी, आतून भरलाय. पिवळ्याच्या रेघेत हिरवा किंवा काळा मिसळलेला दिसला, तर कॅपमध्ये साचलेली शाई उलटी वर चढलीय. आणि एखाद-दुसरी रेघ काहीही करा, आठ दिवसांनीही अगदी तिथंच, तेवढीच, धारदार तुटलेली असेल, तर ते छिद्र बहुधा विजेच्या बाजूनं मेलंय. ते धुण्यानं उठत नाही.

माझे तिन्ही कागद पहिल्या जातीचे होते. शाई रोज रात्री वाळत होती. प्रश्न एवढाच होता की का वाळत होती.

हेड रात्री झोपतं कुठं

सहा रंगांच्या माझ्या प्रिंटरात एकेका रंगाला नव्वद छिद्रं आहेत, केसापेक्षा बारीक. त्यातून पडणारा सर्वांत छोटा थेंब दीड पिकोलिटरचा, आणि पिकोलिटर म्हणजे लिटरचा लाख कोटीवा भाग. एवढ्याशा थेंबातलं पाणी उडायला वेळ लागत नाही. शाईत ग्लिसरीनसारखे ओल धरून ठेवणारे पदार्थ असतात म्हणून दिवसभर निभतं. पण रात्रभर निभायचं तर हेडला झाकण लागतं. ते झाकण म्हणजे उजव्या टोकाची कॅप. एक छोटी चौकोनी वाटी, तिच्या काठाला रबर, आत स्पंजसारखा तुकडा आणि खालून पंपाची नळी. काम संपलं की हेड तिथं जाऊन बसतं, वाटी वर येते, रबर हेडच्या तळाला चिकटतं आणि आतली ओल आतच राहते.

क्लीनिंगसुद्धा याच वाटीतून होतं, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. क्लीनिंग म्हणजे हेडनं स्वतःला धुणं नव्हे. कॅप घट्ट बसते आणि खालचा पंप शाई ओढून घेतो. कॅपच घट्ट बसत नसेल तर पंप हवा ओढतो. मग सात क्लीनिंग मारा नाही तर सत्तर, फाटक्या पाइपनं उसाचा रस प्यायल्यासारखंच.

आपल्याकडं त्यात हवेची भर. बहुतेक फोटो प्रिंटरांच्या पुस्तिकेत १० ते ३५ अंश तापमान आणि २० ते ८० टक्के आर्द्रता अशी मर्यादा दिलेली असते. परभणी, नांदेडला मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं जातो, हे सांगायला पुस्तिका लागत नाही. दुपारची हवा अशी की वाळत टाकलेली सतरंजी तासात कडकडीत होते. दिवसा दुकानात कूलर असतो, तो हवेत ओल सोडतो, म्हणून प्रिंटर खूश. रात्री शटर पडलं, कूलर बंद झाला की पत्र्याखाली भट्टी. कोकणातल्या फोटोवाल्यानं जी हयगय चार महिने पचवली असती, ती इथं चार रात्रींत अंगाशी येते.

आता माझी चूक. रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडायची माझी वडिलांपासूनची सवय. पंखा, लाईट, कॉम्प्युटर, प्रिंटर, एका खटक्यात सगळं गार. शेवटचं गिऱ्हाईक गेलं की मी फोटो कटरवर घ्यायचो आणि दुकानात कामाला असलेला पोरगा खटका ओढायचा. शेवटचा प्रिंट बाहेर आल्यावर हेडला जागेवर जाऊन कॅप लावायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात वीज गेली की हेड वाटेतच उभं राहतं, उघडं. प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबलं तर तो आधी हेड कॅपवर नेऊन बसवतो, मगच लाईट विझते. पुस्तिकेत हे पहिल्या काही पानांत लिहिलेलं असतं. मी ती पुस्तिका टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घातली होती.

लाईट मधेच गेली तरी हेच. मोठा प्रिंट चालू असताना वीज गेली आणि तासाभरानं आली, तर तो तासभर हेड उघडं. इंकजेटला टेबल फॅनपेक्षाही कमी वीज लागते, त्यामुळं कॉम्प्युटरच्या साध्या यूपीएसवर तो मजेत चालतो. लेझर प्रिंटर मात्र त्याच यूपीएसला लावू नका, तो तापताना एकदम जास्त वीज ओढतो.

कॅप तपासायची कशी

प्रिंटर चालू करा. हेड हलून मधोमध आलं की भिंतीवरची पिन काढा. आता हेड हातानं हळूच डावीकडं सरकेल. सरकत नसेल तर जोर लावू नका, ते अजून लॉकमध्ये आहे. पुन्हा चालू करून पुन्हा प्रयत्न करा. उजव्या कोपऱ्यात टॉर्च मारा.

माझ्या कॅपच्या काठावर काय होतं? घट्ट शाईचा थर, त्यात कागदाची लव, आणि एक केस. बहुतेक कुंकवाचा कणही असावा, कारण पूजेचा कोनाडा प्रिंटरच्या वरच होता. केसाएवढी फट पुरते. रबराचा काठ सगळीकडं सारखा उभा, मऊ आणि स्वच्छ दिसला पाहिजे. एका बाजूला दबलेला, चिरलेला किंवा टणक झालेला असेल तर धुऊन उपयोग नाही, कॅपचा संच बदलावा लागतो. तो हेडच्या मानानं फार स्वस्त पडतो.

पुसायला चष्म्याचं कापड किंवा फोमच्या टोकाची काडी घ्या. कानातला कापूस नको, त्याचे धागे सुटतात आणि तेच काठावर बसतात. शेजारी रबराची उभी पट्टी असते, वायपर. तीही पुसा, कारण हेडच्या तळावरची घाण तीच पुसते, आणि स्वतः माखलेली असेल तर तीच घाण परत तळाला फासते.

आता पाणी. इथं आपल्या भागातले लोक हमखास घसरतात. बोअरचं पाणी तर नकोच. ज्या पाण्यानं गिझरच्या कॉईलवर आणि कूलरच्या जाळीवर पांढरा थर बसतो, ते त्या छिद्रांचं काय करेल? पण जारचं आरओ पाणीही नको. त्यात थोडे का होईना क्षार उरलेले असतात. डिस्टिल्ड वॉटर लागतं. बॅटरीच्या दुकानात मिळतं, पण तिथं पाण्याचे आणि ॲसिडचे कॅन एकाच कोपऱ्यात शेजारी शेजारी असतात, त्यामुळं सुटं घेऊ नका, सीलबंद लेबलवालीच बाटली घ्या. मला सोयीचं वाटतं ते मेडिकलमधलं, इंजेक्शनची पावडर कालवायचं निर्जंतुक पाणी. पाच-दहा मिलीची छोटी कुपी असते. एका वेळेला एक फोडायची, उरलं तर टाकून द्यायचं.

कॅपच्या वाटीत ते पाणी थेंब थेंब सोडा, काठाच्या खालपर्यंत. पाच मिनिटं भिजू द्या, जुनी शाई विरघळून वर येईल, टिपून घ्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तसंच ठेवून प्रिंटर लावा आणि एक क्लीनिंग मारा. झाल्यावर परत हेड सरकवून बघा. वाटी रिकामी झाली असेल तर पंप आणि नळी ठीक आहेत. पाणी तसंच साचून असेल तर दोष पंपात किंवा कॅपखालून निसटलेल्या नळीत आहे, आणि हेडला हात लावायचं कारणच नाही.

माझ्याकडं वाटी रिकामी झाली. त्या रात्री प्रिंटर बटणानं बंद केला. सकाळी नोझल चेक काढला तर एकही रेघ तुटलेली नव्हती.

त्यानंतरही नाही सुटलं तर

कॅप नीट झाली तरी आधीच घट्ट बसलेली शाई लगेच सुटेल असं नाही. तीनदा क्लीनिंग मारा, मधे मधे चेक काढून. तिसऱ्यानंतर थांबा, निदान बारा तास, प्रिंटर बंद करून. थांबणं हाही उपचार आहे. बंद कॅपच्या ओलीत वाळलेली शाई मऊ होते आणि नळीतले हवेचे बुडबुडे वर सरकतात. रात्री नऊला तीन वेळा क्लीनिंग करून झोपलेला माणूस सकाळी सुटलेलं हेड बघतो. रात्री नऊ ते बारा सतरा वेळा क्लीनिंग मारणारा पॅड भरून बसतो. मी दोघंही होऊन बघितलंय.

टाकीवाल्या प्रिंटरात सॉफ्टवेअरमधून पॉवर क्लीनिंग किंवा इंक फ्लशिंग नावाचा जबरा उपाय असतो. तो नळ्यांतली सगळी शाई बदलतो. टाक्या निदान एक तृतीयांश भरलेल्या नसतील तर तो वापरू नका, नाही तर शाईऐवजी हवा ओढली जाते आणि मग खरी पंचाईत. हवा शिरल्याचं निदान असेल तेव्हा तो उपयोगी, साध्या वाळलेल्या छिद्रासाठी मी तो शेवटचा ठेवतो.

आता सिरिंज. व्हिडिओ बघून जो तो सलाईनची नळी आणि सिरिंज घेऊन बसायलाय, म्हणून थोडं सविस्तर.

तुमचं हेड कुठल्या जातीचं आहे ते आधी ओळखा. कॅनन आणि एचपीच्या घरगुती प्रिंटरांत थर्मल हेड असतं. आत इवलेसे हीटर, ते शाईत बुडबुडा उठवतात आणि बुडबुडा थेंब ढकलतो. १९७७ साली कॅननच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेलं सोल्डरिंग आयर्न लागलं, सुईतून शाई उडाली आणि त्यातून कॅननला हे तंत्र सुचलं. म्हणजे सिरिंजचं आणि अशा इंकजेटचं नातं जन्मापासूनचं. अशी बरीच हेडं हातानं निघतात, त्यांचा तळ कोमट डिस्टिल्ड पाण्यात काही मिनिटं टेकवता येतो. पण शाई न पोचता प्रिंट मारत राहिलात तर हीटर जळतात. रंग येत नसताना “आणखी दोन शीट मारून बघू” हा प्रयोग थर्मलवर करू नका.

एप्सनचं हेड पिझो जातीचं. तिथं उष्णता नाही. वीज मिळाली की वाकणारा सिरॅमिकचा पातळ तुकडा शाईला धक्का देतो. ते टिकाऊ असतं, पण प्रिंटरात पक्कं बसवलेलं असतं, आणि आतले पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. सिरिंजनं जोरात पाणी दाबलं की हे थर सुटतात. त्यानंतर पिवळ्यात काळा मिसळतो तो कायमचा.

म्हणून आधी बिनदाबाचा उपाय. टिश्यूची चार पदरी पट्टी करा, डिस्टिल्ड पाण्यानं ओली करून पिळा, ओघळ येता कामा नये. हेडच्या वाटेत ती सपाट ठेवा आणि हेड हातानं तिच्यावर सरकवून अर्धा तास सोडा. पट्टी काढली की त्यावर रंगांचे पट्टे उमटलेले दिसतील. जो रंग उमटला नाही, तोच अडलेला. दोन-तीनदा करा, पट्टी काढायला मात्र विसरू नका.

त्यानंही नाही झालं, तरच डॅम्पर काढून त्या रंगाच्या तोटीला सलाईनची मऊ नळी लावायची. सुई नाही. दहा मिलीच्या सिरिंजमध्ये दोन मिली पाणी, आणि दाब एवढाच की बोटाला जाणवेल न जाणवेल. पाणी जात नसेल तर थांबा, भिजू द्या, चहा पिऊन या, परत बघा. पाच मिनिटांत मोकळं करायची घाई ज्यांनी केली त्यांची हेडं मी पाहिलीत. आणि हेडला येणारी ती चपटी पांढरी केबल कोरडी राहिलीच पाहिजे. तिच्या टोकाला एक थेंब गेला आणि तुम्ही वीज लावली, की हेडबरोबर बोर्डही जातो. सिरिंजचं काम झाल्यावर रात्रभर पंख्याखाली वाळू द्या, मगच पिन लावा.

काचा पुसायचं निळं पाणी, स्पिरिट, थिनर, नेलपेंट रिमूव्हर यांतलं काहीही घालू नका. कुणाला लागू पडलं असेल, पण रबर आणि आतला चिकट कुणाच्या हेडात कशाचा आहे हे त्याला ठाऊक नसतं.

शाईबद्दल दोन शब्द, कारण सगळ्यात आधी दोष तिलाच देतात. स्वस्त शाईनं हेड जातंच असं नाही. पण एका टाकीत दोन कंपन्यांच्या शाया मिसळल्या तर कधी कधी आतच गाळ धरतो, आणि तो डॅम्परच्या जाळीत बसतो. कंपनी बदलायची तर टाकी रिकामी करून बदला. बाटल्या काउंटरवर उन्हात मांडू नका. कॉफीच्या मगवर आणि टी-शर्टवर छापायची सब्लिमेशन शाई फोटोच्या प्रिंटरात एकदाही घालू नका. तिच्यातला रंग विरघळलेला नसतो, तरंगत असतो, आणि प्रिंटर उभा राहिला की तळाशी बसतो. त्या कामाला वेगळा प्रिंटर ठेवा आणि तो रोज चालवा.

रोजचं सांगायचं तर मी सकाळी दुकान उघडलं की अगरबत्तीच्या आधी नोझल चेक मारतो. रंगीत फोटो मारण्यापेक्षा हे स्वस्त, कारण त्यात सहाही रंग वापरले जातात आणि शाई नाममात्र जाते. काळ्या अक्षरांचं पान मारून “प्रिंटर चालवला” असं समजू नका, फिके रंग तसेच उपाशी राहतात. कागद खिळ्याला टोचतो. महिन्याभराचे एकत्र पाहिले की बिघाड कधी सुरू झाला ते कळतं. पंधरा दिवसांतून एकदा कॅप पुसतो, उन्हाळ्यात दर रविवारी. कोनाडा हलवलाय. प्रिंटरवर पातळ सुती धडपा असतो, आणि कूलरचा झोत थेट त्याच्यावर येणार नाही असं टेबल फिरवलंय.

लग्नाला म्हणून आठ दिवस गावाला जायचं तर टाक्या वरच्या खुणेपर्यंत भरतो, चेक मारतो, बटणानं बंद करतो. आल्यावर पहिला प्रिंट गिऱ्हाइकाचा मारत नाही.

मेन स्विचवर आता एक चिठ्ठी चिकटवलीय, याच प्रिंटरवर मारलेली, सहाही रंगांत: “आधी प्रिंटरचं बटण. लाईट विझली का बघ. मग खटका.” पोरगा म्हणतो, “मामा, मला पाठ झालंय आता, काढा की ती.” मी काढलेली नाही. परवा घाईत मीच खटक्याला हात घातला होता.